डंपचा गाळ भातशेतीत: भिंत आहे तरी ओहोळ लाल, आणि पैसे कोणाकडे मागायचे?

ओहोळकाठ: डिचोली तालुक्यात ओहोळाच्या वर लोहखनिज खाणीचा जुना डंप, म्हणजे टाकाऊ माती-दगडांचा ढीग, आहे. २०१८ पासून काम बंद. पायथ्याशी चिऱ्यांची भिंत, तिच्या टोकाला ५ × ५ मीटरचा खड्डा. तरी पहिल्या जोराच्या पावसातच ओहोळ लाल होतो. शेतात बसलेला गाळ वाळला की कडक पापुद्रा धरतो, रोप तग धरत नाही. भिंत उंच करावी का? पंचायतीने डीएमएफकडे (खाणबाधित भागांसाठीचा जिल्हा खनिज निधी) मागणी केली तर पैसे मिळतील का?

गाळमापक: भिंत वाढवू नका. ती दगड-गोटे अडवते, चिकणमाती नाही. हिशेब करा: डंपचं पाणलोट २ हेक्टर, पाऊस तासाला ६० मिमी, त्यातलं ६० टक्के पाणी वाहिलं तर सेकंदाला २०० लिटर येतं. २० मायक्रॉनचा (०.०२ मिमी) मातीचा कण संथ पाण्यात सेकंदाला सुमारे ०.३६ मिमी खाली जातो. म्हणजे खड्ड्यातल्या पाण्याचा पृष्ठभाग किमान ५५५ चौरस मीटर हवा, खळबळ धरून ७००. तुमच्याकडे २५ आहे! १० मायक्रॉनच्या कणाला याच्या चौपट लागेल. खड्डा खोल केल्याने गाळ साठायला जागा होते, कण जास्त अडत नाहीत. लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवा, पाणी पूर्ण रुंदीच्या सांडव्यावरून सोडा, तळातल्या पाइपमधून कधीच नको. एक तृतीयांश भरला की उपसा, आणि उपसलेला गाळ डंपच्या उतारावर टाकू नका.

त्याआधी वरचं पाणी तोडा. डंपच्या टप्प्यांना आतल्या बाजूला उतार, तिथून दगडी उतरणीने खाली. उतारावर काथ्याची जाळी आणि वाळ्याच्या गवताच्या आडव्या ओळी. नुसता आकाशिया लावून भागत नाही. माती धरतं ते गवत.

खाणकायदा: डीएमएफकडे थेट जाऊ नका. डीएमएफचा पैसा ज्या योजनेखाली खर्च होतो त्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे: जे काम ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ या तत्त्वाखाली येतं त्यावर हा निधी खर्चायचा नाही. अर्ज परत येईल तो इथेच. आधी आयबीएमच्या (केंद्राचा भारतीय खाण ब्युरो) मडगाव कार्यालयातून माहिती अधिकाराखाली खाणबंदी आराखडा आणि वित्तीय हमीची, म्हणजे खाण बंद करताना दुरुस्तीची कामं होतील यासाठी खाणमालकाने दिलेल्या हमीची, प्रत मागा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ‘अ’ वर्गाच्या (मोठ्या, यांत्रिक) खाणींना हमी हेक्टरी ५ लाख आहे, आधी ३ लाख होती. दर क्षेत्रफळावर आहे, त्यामुळे डंप ५ मीटर उंच असो वा ३०, रक्कम तीच. ४० हेक्टरला २ कोटी.

ओहोळकाठ: डंपचा अर्धा भाग लीजबाहेर (खाणीला दिलेल्या पट्ट्याच्या बाहेर) असावा असं वाटतं.

खाणकायदा: मग सर्व्हे नंबर लीजच्या नकाशावर टाकून बघा. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लीजबाहेर डंप टाकायला मनाई केली आहे. त्या भागासाठी खाण खात्याकडे आणि गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे स्वतंत्र तक्रार करा. डीएमएफकडे फक्त ओहोळातला आणि शेतातला गाळ काढण्याचं काम वेगळं मांडा.

गाळमापक: तक्रारीला पुरावा जोडा. पाऊस सुरू झाल्यापासून तासाभरात डंपच्या वरच्या आणि खालच्या बाजूने लिटर-लिटर पाणी घ्या, बाटलीवर वेळ लिहा. मोजपट्टी असलेल्या निमुळत्या शंकूत तासभर ठेवून तळाचा गाळ मिलिलिटरमध्ये नोंदवा. वरचं पाणी तेव्हाही लालच दिसलं तर तो न बसणारा बारीक भाग, त्यासाठी दुसरी बाटली प्रयोगशाळेत द्या.