मदत हवी आहे: पॅकर्सच्या ड्राफ्टवरची टीका योग्य की अयोग्य, हे ठरवायचं कशावरून?

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकन फुटबॉल बघणारे मोजकेच, पण जे आहेत ते मनापासून बघतात, म्हणून इथेच विचारते आहे. मी विस्कॉन्सिनमध्ये राहते, ग्रीन बे पॅकर्सची चाहती आहे. आम्हा मराठी पॅकर्सवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. एप्रिलमध्ये ड्राफ्ट झाला की गटात जुंपते. सुरुवात कुठल्याही खेळाडूवरून होवो, गाडी येऊन अडते ती २०२० च्या ड्राफ्टमध्ये घेतलेल्या जॉर्डन लव्हवरच. यंदा प्रकरण इतकं चिघळलं की एका जुन्या सभासदाने गट सोडला. मला ते फार लागलं.

पार्श्वभूमी थोडक्यात. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून येणारे खेळाडू लीगमधले ३२ संघ सात फेऱ्यांत पाळीपाळीने निवडतात. अशा एका पाळीला ‘पिक’ म्हणतात. आदल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेल्याची पाळी पहिली. पाळ्यांची अदलाबदलही करता येते. २०१९ चा मोसम आम्ही १३-३ असा काढला आणि सुपर बोलच्या (अंतिम सामन्याच्या) उंबरठ्यावर सॅन फ्रान्सिस्कोकडून हरलो, त्यामुळे आमची पाळी तिसावी. सगळे एकच मागत होते: आमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) एरन रॉजर्स याला चांगला वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) द्या. जनरल मॅनेजर ब्रायन गुटेकुन्स्ट यांनी मायामीला तिसावा आणि १३६ वा पिक देऊन सव्विसावा घेतला, आणि उचलला तो लव्ह, क्वार्टरबॅक, म्हणजे रॉजर्सच्याच जागेचा खेळाडू. पुढे दुसऱ्या फेरीत रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा), तिसऱ्या फेरीत टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा). अख्ख्या ड्राफ्टमध्ये रिसीव्हर एकही नाही. टी हिगिन्स आणि मायकल पिटमन हे रिसीव्हर मात्र लगेच पुढे, ३३ वा आणि ३४ वा, दुसऱ्या संघांकडे गेले. टीकाकार तुटून पडले.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. रॉजर्स २०२० आणि २०२१ असा सलग दोनदा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झाला, पण सुपर बोल नाही. २०२३ मध्ये तो न्यूयॉर्क जेट्स संघाकडे गेला, लव्ह सुरुवातीपासून खेळू लागला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याने डॅलसला त्यांच्याच मैदानात ४८-३२ हरवलं. आता गटातला एक पक्ष म्हणतो, बघा, लव्ह चांगला निघाला, टीका करणारे तोंडावर आपटले. दुसरा म्हणतो, रॉजर्सची दोन सोन्यासारखी वर्षं वाया घालवलीत, त्याचं काय?

माझं मत असं की दोन वेगळे प्रश्न एकाच पारड्यात टाकले जात आहेत. खेळाडू चांगला निघाला का, हा एक. त्या रात्री, हाताशी होती त्या माहितीवर, निर्णय बरोबर होता का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप येत नाही. मला ‘कोण जिंकलं’ हे ठरवायचं नाही. गटासाठी निवडींना गुण देण्याची एखादी पद्धत हवी आहे, जी दोन्ही बाजूंना मान्य होईल. तुमच्या संघांचे चाहते हे कसं करतात? किती वर्षांनी गुण द्यावेत? पाळी बदलून घेण्यासाठी मोजलेली किंमत कशी धरायची?

प्रतिसाद: नागपूरकर (मुक्काम डॅलस)

ताई, आधी किमतीचं सांगतो, कारण त्यासाठी तयार तक्ता आहे आणि तो आमच्याच संघाचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जिमी जॉन्सन डॅलस काउबॉइजचे कोच असताना प्रत्येक पिकला गुण लावलेला तक्ता इथे वापरात आला. त्यात २६ वा पिक ७०० चा, ३० वा ६२० चा आणि १३६ वा ३८ चा. म्हणजे तुम्ही दिले ६५८ आणि घेतले ७००. त्यामुळे ‘लव्हसाठी जास्त मोजले’ हा मुद्दा या तक्त्यावर टिकत नाही. हल्लीचे अभ्यासक हा तक्ता जुना मानतात, वरच्या पिकांना तो फार भाव देतो असं त्यांचं म्हणणं. पण गटातल्या वादाला तो पुरेसा आहे, आकडा समोर असला की आवाज खाली येतो.

४८-३२ ची आठवण काढलीत, ती मात्र अजून दुखते.

प्रतिसाद: बर्फातला सातारकर

मी लव्हच्या निवडीच्या बाजूचा, तरी टीका अगदीच पोकळ होती असं म्हणणार नाही. माझी पद्धत अशी: सामने हरले कुठे ते बघा आणि टीकेत सांगितलेली उणीव तिथे दिसते का ते तपासा.

जानेवारी २०२१, टँपा बेविरुद्ध ३१-२६ हरलो. पहिला हाफ संपायला एक सेकंद उरलेला असताना त्यांचा रिसीव्हर स्कॉटी मिलर आमच्या कॉर्नरबॅकच्या (रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूच्या) मागे निसटला आणि ३९ यार्डांचा टचडाउन झाला. हाफटाइमला जाताना असा घाव बसला, त्यात रिसीव्हरच्या कमतरतेचा काय संबंध? त्या मोसमात लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण आम्हीच काढले होते. हवा होता तो कॉर्नर, आणि ड्राफ्टच्या रात्री त्यासाठी कुणी गळा काढला नव्हता.

पण वर्षभराने सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध १३-१० हरलो, तो सामना टीकाकारांच्या बाजूने बोलतो. आमचा पंट (चेंडू लांब मारून समोरच्यांना देणं) अडवला गेला, त्याच्यावर त्यांचा टचडाउन झाला, हे खरंच. तरी आक्रमणाचे एकूण दहाच गुण, आणि रॉजर्सचे जवळपास सगळे पास दोघांकडे: दावांटे अ‍ॅडम्स आणि रनिंग बॅक एरन जोन्स. तिसरा विश्वासाचा माणूस त्या थंडीत त्याला सापडलाच नाही. तिथे एक हिगिन्स असता तर, हा प्रश्न मला आजही छळतो.

धागाकर्ती

सातारकर, हे सामन्यांवर टीका तपासून बघणं फार आवडलं. गटात आजवर कुणी असा विचार केला नव्हता. एक मुद्दा मात्र तुमच्याविरुद्ध. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा आणि पाचवं संघाच्या मर्जीवर. क्वार्टरबॅक स्वस्तात मिळतो तो याच काळात, वाचलेल्या पैशात बाकीचा संघ उभा करता येतो. आपण त्यातली तीन वर्षं लव्हला बाकावर बसवलं. २०२४ च्या जुलैत त्याचा नवा करार चार वर्षांसाठी २२ कोटी डॉलरचा झाला. स्वस्ताईचा फायदा आपण घेतला तो जेमतेम एक मोसम. हे निवडीच्या खात्यात उणे धरायचं की नाही?

प्रतिसाद: बर्फातला सातारकर

धरायचंच. पण समोर हेही मांडा की २००५ मध्ये ब्रेट फार्व्ह असताना २४ व्या पिकवर रॉजर्सला घेतलं तेव्हाही हेच झालं, त्यानेही तीन वर्षं बाकावर काढली. इतक्या वर्षांत क्वार्टरबॅकसाठी वणवण करावी लागली नाही, याचे गुण त्याच खात्यात जमा हवेत. चांगल्या क्वार्टरबॅकसाठी वर्षानुवर्षं शोधत राहिलेल्या शिकागोवाल्यांना विचारा.

प्रतिसाद: नागपूरकर (मुक्काम डॅलस)

एक व्यवहारी सूचना. ड्राफ्टच्या रात्रीच प्रत्येकाने आपलं मत दोन ओळींत लिहून गटात पिन करायचं: निवड पटली की नाही, आणि त्या पाळीला दुसरं कोण घेतलं असतं, नाव घालून. नाव नाही तर टीका मोजायची नाही. तीन मोसम झाले की ते उघडायचं, तेव्हा निर्णयाचे गुण वेगळे आणि खेळाडूचे वेगळे. आमच्याकडे याने बराच फरक पडला, ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ बंद झालं.

धागाकर्ती

हे उद्याच गटात टाकते. सोडून गेलेल्या दादांनाही फोन करून सांगते, त्यांचाच आग्रह असायचा की टीका करणाऱ्याने पर्याय द्यावा.

आता राहिला एकच अडलेला प्रश्न. ऑगस्ट २०२५ मध्ये आपण बचावपटू मायका पार्सन्सला डॅलसकडून आणलं, बदल्यात आपला बचावपटू केनी क्लार्क आणि २०२६, २०२७ चे पहिल्या फेरीचे पिक दिले. मग या दोन ड्राफ्टना गुण देताना पहिल्या फेरीचा रकाना कोरा ठेवायचा की तिथे पार्सन्स लिहायचा?

प्रतिसाद: बर्फातला सातारकर

पार्सन्स लिहा, पण दोन्ही वर्षांच्या रकान्यात मिळून एकदाच. आणि शेजारी डॅलसने त्या पिकवर कुणाला घेतलं तेही लिहा. नागपूरकरांचा गट ते लिहीलच, मग तीन वर्षांनी दोन्ही वह्या ताडून बघू.