पार्किन्सन: वडिलांना देवस्थानचे हिशेब कॉम्प्युटरवर चालू ठेवायचे आहेत (चर्चामंचावरचा प्रश्न आणि उत्तरे; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

माटोळी (डिचोली)
वडील ६८ वर्षांचे, उजव्या हाताला कंप. देवस्थानचे हिशेब एक्सेलमध्ये मराठीतून ठेवतात. विंडोज ११, इन्स्क्रिप्ट कळफलक. एक अक्षर दाबले की चार-पाच उमटतात. डबल-क्लिक करताना फाइल ओढली जाऊन भलत्याच फोल्डरमध्ये जाते. शिफ्ट धरून दुसरी कळ दाबणे जमत नाही. शिवाय पेज सांडते आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी पाय अडतो. हिशेबाचे काम त्यांच्या हातून सुटू नये असे मनापासून वाटते. सुरुवात कुठून करू?

कळफलक
आधी अक्षरे का वाढतात ते बघा. ‘ककककक’ अशी रांग येत असेल तर बोट कळेवरून उशिरा उचलले जाते आहे. दोनच ‘क’ येत असतील तर बोट थरथरून कळ दोनदा दाबली जाते. पार्किन्सनचा कंप मुख्यतः हात स्वस्थ असताना असतो, कामाला लागला की बऱ्याचदा कमी होतो; मंदपणा मात्र राहतो. म्हणून तुमच्याकडे पहिला प्रकार असावा.

कंट्रोल पॅनेलमध्ये ईझ ऑफ ॲक्सेस उघडा आणि फिल्टर कीजच्या (नको असलेले कळ-दाब गाळणारी विंडोजची सोय) सेटिंगमध्ये जा. तिथे रिपीट कीजखाली ‘दाबून धरलेली कळ पुन्हा उमटू नये’ हा पर्याय निवडा. तिथलीच बाउन्स कीज (तीच कळ पटकन दुसऱ्यांदा दाबली तर ती न धरणारी सोय) मात्र हिशेबाच्या कामाला जपून वापरा. ती अर्ध्या सेकंदावर ठेवली आणि ५०० लिहिताना दोन शून्ये पटापट दाबली, तर दुसरे गळते आणि पावती ५० ची होते. चूक दिसतही नाही, कारण ५० हा आकडाही खराच वाटतो. बाउन्स कीज लावावीच लागली तर प्रत्येक पानाची बेरीज पावतीपुस्तकाशी ताडून घ्या.

आणखी एक घोळ होतो. उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबली गेली की फिल्टर कीज आपोआप चालू होते आणि स्लो कीजमुळे (थोडा वेळ धरल्याशिवाय कळ उमटत नाही) कळफलक बंद पडल्यासारखा वाटतो. त्याच खिडकीत हा शॉर्टकट बंद करून ठेवा.

शिफ्टसाठी स्टिकी कीज: शिफ्ट दाबून सोडायची, मग अक्षर. इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, ण, ळ सगळे शिफ्टवर आहेत, त्यामुळे याचा फरक लगेच जाणवतो. स्वर आणि काने-मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. उजवा हात थकला की व्यंजनेच आधी अडतात. अशा वेळी फोनवर जीबोर्डमध्ये (गूगलचा कळफलक) मराठी बोलून मजकूर लिहावा, आकडे मात्र हातानेच घालावेत.

तांबडी माती
माउसबद्दल. फाइल ओढली जाते कारण माउसचे बटण दाबलेले असतानाच हात सरकतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘एका क्लिकने उघडा’ निवडा, दुसऱ्या क्लिकची गरजच राहत नाही. फाइल तरीही हललीच तर लगेच कंट्रोल-झेड. पॉइंटरचा वेग कमी करा, ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ची (हात जोरात हलला की पॉइंटर जास्त पळवणारी सोय) खूण काढा.

नुसता माउसवर ठेवलेला हात हलतो आणि पॉइंटर वाहवत जातो, म्हणून वाचताना हात बाजूला घ्यायची सवय लावा. ट्रॅकबॉल मिळाला तर उत्तम: खोके जागेवर राहते, फक्त गोळा फिरतो. खुर्ची इतकी उंच हवी की कोपरापासून मनगटापर्यंत हात टेबलावर टेकेल. अधांतरी हात लवकर थकतो.

माटोळी (डिचोली)
रिपीट बंद केल्यावर रांगा थांबल्या. पण आता बॅकस्पेस धरून ठेवला तरी एकच अक्षर पुसले जाते. आणि जेवणानंतर हात फारच जड होतो.

कळफलक
बॅकस्पेसचे तसेच होणार. एक्सेलच्या एका चौकटीतला (सेलमधला) सगळा मजकूर पुसायचा तर त्या चौकटीवर जाऊन डिलीट एकदाच दाबा.

परसू
जेवणानंतरचे जडपण गोळीच्या वेळेशी जोडून बघा. लेव्होडोपा (पार्किन्सनच्या गोळीतले मुख्य औषध) आणि प्रथिने आतड्यात एकाच वाटेने शोषली जातात. गोळी मासळीच्या जेवणासोबत घेतली तर ती उशिरा आणि कमी लागू पडते. साधारणपणे ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. आठवडाभर गोळी, जेवण आणि हात मोकळा असल्याच्या वेळा वहीत लिहा, ती वही न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. वेळ बदलायची ती त्यांच्या सांगण्यावरूनच, आणि गोळी मनाने कधीही बंद करू नका. हिशेब हात मोकळा असतानाच्या तासांत बसवा.

पेजेसाठी उभ्या काठाची खोलगट वाटी, अर्धीच भरलेली, आणि तिच्याखाली घट्ट पिळलेला ओला कपडा. मुठीत मावेल असा जाड दांड्याचा चमचा बरा. जड चमचा विकत घेण्याआधी दुसऱ्याचा वापरून बघा. मंद हाताला वजनाचा त्रासच होऊ शकतो. पण पेज पिताना खोकला येत असेल किंवा आवाज ओला, घशात पाणी अडकल्यासारखा वाटत असेल तर प्रश्न सांडण्याचा नाही, गिळण्याचा आहे. त्यासाठी लवकर स्पीच थेरपिस्टना दाखवा.

उंबरठ्याआधी फरशीवर उठून दिसणाऱ्या रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावा, त्यांच्या एका पावलाएवढ्या अंतराने. पट्टी ओलांडायची असे मनात धरले की अडलेला पाय बऱ्याचदा सुटतो. पावसाळ्यात कडा उचकटतात, तेव्हा त्या बदला. पाय अडला असताना मागून ढकलू किंवा पुढून ओढू नका, त्यानेच तोल जातो. थांबू द्या, अंग एका पायावरून दुसऱ्यावर झुलवू द्या, मग ‘एक, दोन’ म्हणा.