टॉप सर्जरी: कीहोल की डबल इन्सिजन? (सांगली)

विहीरवाला
वय २६, ट्रान्समॅन (जन्मानं मुलगी ठरवलेला पुरुष), विश्रामबागला राहतो. टॉप सर्जरी, म्हणजे छाती सपाट करायचं ऑपरेशन, करायचंय. टी (टेस्टोस्टेरॉन) सुरू होऊन दीड वर्ष झालं. छाती दाबून सपाट ठेवणारा बाइंडर सहा वर्षं. एप्रिलमध्ये तो घालून एसटीनं मिरजेला जाऊन यायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. पैसे जमत आलेत. छाती लहान नाही, पण व्रण दिसत नाहीत म्हणून कीहोल करावं म्हणतोय. उघड्या अंगानं विहिरीत उडी मारायचीय. कुणी करून घेतलंय का?

द्राक्षबाग
भावा, आपल्याला हवं म्हणून कीहोल होत नाही. त्यात निपलच्या गडद वर्तुळाच्या कडेनं छोटा काप घेऊन आतलं टिश्यू काढतात, कातडी तशीच राहते. छाती लहान आणि कातडी घट्ट असली तरच ती आवळून बसते. तुझी रिकाम्या पिशवीसारखी लोंबेल.

माझं डबल इन्सिजन झालं. छातीखाली दोन आडवे काप, जादा कातडी काढली, निपल लहान करून नव्या जागी लावलं. तासगावकडं डॉगरिजच्या खुंटावर द्राक्षाचं कलम बांधतात ना, तसंच. धरेपर्यंत जिवाला घोर. ड्रेसिंग उघडलं तर काळंठिक्कर! मला वाटलं, गेलं. खपली होती, खालून गुलाबी निघालं. निपलला स्पर्श मात्र फारसा कळत नाही, हे आधीच मनाशी धरून चल. आणि सिगारेट ओढत असशील तर आत्ताच सोड, रक्तपुरवठा कमी पडला की कलम जळतं.

साताऱ्याचा_सम्या
माझं कीहोल. छाती अगदीच कमी होती, तरी एका बाजूला रक्त साठलं आणि त्याच रात्री परत थिएटरात. नंतर खळगा भरायला आणखी एकदा. व्रण दिसत नाहीत, खरंय.

पुण्याला करणार असशील तर ड्रेन (साठलेलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या) निघेपर्यंत तिथंच रहा. मी बाटल्या शर्टाखाली धरून खंबाटकीतून आलो, प्रत्येक खड्डा मोजला. आणि सर्जन गायनेकोमॅस्टियाचे (पुरुषांच्या वाढलेल्या छातीचे) फोटो दाखवायला लागले तर ट्रान्समेनचे माग, तेही ऑपरेशनला वर्ष उलटल्यानंतरचे.

विहीरवाला
सर्जरीसाठी तज्ज्ञांची शिफारसपत्रं किती लागतात?

द्राक्षबाग
डब्ल्यूपाथ म्हणजे ट्रान्स लोकांच्या उपचारांचे निकष काढणारी जागतिक संघटना. त्या निकषांच्या २०२२च्या आवृत्तीत एक पुरेसं म्हटलंय. आपल्याकडं बरेच सर्जन दोन मागतात, आधीच विचारून घे.

विहीरवाला
बरं. आई विचारतेय, टाक्यांवर हळद लावली तर चालेल का?

साताऱ्याचा_सम्या
सांगलीकर! टाक्यांना अजिबात नाही. दुधात घाल म्हणावं.