‘एकदा फ्लू अंगावर काढला की जन्मभराची सोय’: हे कोण पसरवतंय?

खवचट_पेठकर: सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून फिरतंय: ‘गोवराची लस दरवर्षी घेता का? मग फ्लूची का? म्हणजे ती कामाचीच नाही. एकदा ताप अंगावर काढा, शरीर आपोआप शिकतं.’ खाली अंगठ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून इथे लिहितोय.

अहो, गोवराचा विषाणू फारसा रूप बदलत नाही, फ्लूचा बदलतो. त्याच्या पृष्ठभागावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आपल्या प्रतिपिंडांच्या ओळखीचं होतं न होतं, तोवर त्याचं टोक पालटलेलं असतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारी आणि सप्टेंबर असं वर्षातून दोनदा लसीचा मसाला नव्याने ठरवते. आणि अंगावर काढायचा सल्ला पुण्यात बसून? ऑगस्ट २००९ विसरलात? स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी याच गावात गेला.

मु_पो_खानापूर: २००९ पक्कं आठवतंय. घरात आम्ही सगळे आडवे आणि आजी एकटी ठणठणीत, उलट आम्हाला पेज करून घालत होती. तिने कुठली लस टोचली होती? आणि मसाला दोनदा ठरवूनही अमेरिकेत २०१४-१५ला लसीचा परिणाम जेमतेम १९ टक्के निघाला, तेही सांगा की.

एच३एन२: १९ टक्के खरं आहे. त्या वर्षी विषाणू लसीतल्या प्रकारापासून सटकला होता. बऱ्या वर्षी ४० ते ६० टक्के मिळतात.

पण आजीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. १९५७ आधी जन्मलेल्यांची फ्लूशी पहिली गाठ एच१एन१ या प्रकाराशी पडली होती आणि २००९चा विषाणू त्याच्याच भाऊबंदातला. पहिल्या गाठीचा ठसा खोल राहतो, थॉमस फ्रान्सिसने १९६०मध्ये त्याला ‘ओरिजिनल अँटिजेनिक सिन’, म्हणजे गमतीने ‘मूळ पाप’, म्हटलं. २०१६चा ‘सायन्स’मधला अभ्यास तर सांगतो की बर्ड फ्लूच्या दोन प्रकारांपैकी १९६८ आधी जन्मलेल्यांना एच५एन१पासून बऱ्यापैकी संरक्षण, नंतरच्यांना एच७एन९पासून. म्हणजे शरीर शिकतं, पण कुठला धडा ते जन्मसालावर. तुमच्या पिढीला आजीचा धडा मिळालेलाच नाही.

मु_पो_खानापूर: म्हणजे शरीर शिकतं. धन्यवाद, मी तेच म्हणत होतो.

शुभांगीताई_नाशिक: एवढं पुराण कशाला? पावसात भिजायचं, ओल्या केसांनी पंख्याखाली बसायचं, वर रात्री दही खायचं. सर्दी होणार नाही तर काय!

खवचट_पेठकर: दही?? ताई, विषाणूशिवाय सर्दी होत नाही. दह्याला कशाला फासावर चढवता?

शुभांगीताई_नाशिक: तुम्ही लहान मुलं वाढवलीत का कधी? माझा धाकटा दरवर्षी जुलैत भिजून आला की दुसऱ्या दिवशी शेंबूड. दरवर्षी.

खवचट_पेठकर: जुलैत फ्लू आपल्याकडे असतोच जोरात, आणि पावसामुळे वर्गाच्या खिडक्या बंद. कोरडा ठेवला असता तरी झालंच असतं.

एच३एन२: ताईंना अगदीच उडवू नका. २०१५मध्ये येल विद्यापीठात उंदराच्या श्वासनलिकेच्या पेशींवर प्रयोग झाला. ३३ अंशांना, म्हणजे नाकातल्या गारव्याला, पेशींचा पहिला बचाव ३७ अंशांपेक्षा मंद पडतो आणि सर्दीचा रायनोव्हायरस जास्त वाढतो.

शुभांगीताई_नाशिक: बघा!!

खवचट_पेठकर: उंदराच्या पेशी, ताई. त्यांनी दही खाल्लं नव्हतं.

शुभांगीताई_नाशिक: दह्यावर कुणी प्रयोगच केला नसेल तर ते निर्दोष कसं ठरवलंत? आणि जरा नीट बोला.

केमिस्टचा_शेजारी: दही-पंखा सोडा. दुकानात शिंक ऐकू आली की ॲझिथ्रोमायसिनचं पाकीट बाहेर येतं. विषाणूवर अँटिबायोटिक! माझ्या मेव्हण्याने ते चघळत ताप अंगावर काढला आणि शेवटी न्यूमोनिया होऊन ॲडमिट. त्यावर धागा कुणी काढत नाही.

खवचट_पेठकर: काढा ना मग, इथे कशाला? आणि हा मेव्हणा माझ्याच बाजूचा पुरावा आहे.

मु_पो_खानापूर: एक मेव्हणा, एक आजी. बरोबरी झाली.

एच३एन२: आई-वडील पासष्टीपुढचे आहेत ना तुमचे? मग पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये टोचून घ्या. वाद नंतर घालू.

मु_पो_खानापूर: आईला देईन, तिला दमा आहे. मी घेणार नाही. आणि ते ग्रुपवर टाकू नका, तिथे माझीच पोस्ट आहे.

शुभांगीताई_नाशिक: आईला रात्रीचं दही देऊ नका.