क्यूच्या टिपची कड काळी आणि गुळगुळीत कशी करावी?

खिशापाशी (प्रश्न)

नमस्कार. माझ्या पूलच्या क्यूला, म्हणजे चेंडू मारायच्या काठीला, नुकतीच डुकराच्या कातड्याच्या थरांची १३ मिलिमीटरची नवी टिप (चेंडूला लागणारे चामड्याचे टोक) बसवून घेतली आहे. वरचा घुमट चांगला आला आहे, परंतु कड मात्र फिकट आणि लवदार राहिली असून, जवळून पाहिल्यास थरांच्या सांध्यांवर तंतू उभे राहिलेले दिसतात. ज्यांनी टिप बसवून दिली त्यांनी कडेवर काळा मार्कर फिरवला होता, पण टिप पुसली की तो रंग फडक्याला आणि बोटांना लागतो, शिवाय टिपला लागून असलेल्या पांढऱ्या फेरूलवरही (काठीच्या टोकावरच्या कड्यावरही) त्याची बारीक काळी रेघ उमटली आहे. स्पर्धांच्या चित्रफितींत खेळाडूंच्या टिपची कड काळीभोर आणि चकचकीत दिसते. ती तशी कशी केली जाते, कामाचा योग्य क्रम कोणता, आणि त्याचा खेळाला काही उपयोग आहे की ती केवळ शोभा आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझ्याकडे लेथ (क्यू यंत्रावर फिरवण्याची सोय) नाही, सर्व काम हातानेच करावे लागेल.

घोटीव

आपल्या प्रश्नात दोन वेगळी कामे एकत्र आली आहेत. कड काळी करणे ही बहुतांशी शोभाच आहे, पण कड घोटणे ही शोभा नव्हे. चेंडूवर आघात होताच टिप दबते आणि चामडे बाजूंनी बाहेर सरकू पाहते. कडेचे तंतू मोकळे असतील, तर काही दिवसांत टिप फुगून फेरूलच्या बाहेर येते, म्हणजेच मश्रूम होते. कड ओलसर करून दाबाने आणि घर्षणाच्या उष्णतेने घोटली, की तंतू आडवे बसून एकमेकांना घट्ट चिकटतात आणि एक कठीण कवच तयार होते. हे कवच फुगणे पूर्णपणे थांबवत नाही, परंतु ते बरेच कमी करते.

मार्करचा रंग बोटांना लागतो त्याचे कारणही इथेच आहे. न घोटलेल्या कडेवर शाई उभ्या तंतूंच्या टोकांवर बसते आणि ते तंतू झिजले की शाईही जाते. म्हणून रंग दोन घोटण्यांच्या मध्ये द्यावा, हे माझे ठाम मत आहे.

प्रथम घुमटाचा आकार पूर्ण करून घ्यावा, कारण तो नंतर केल्यास घोटलेली वरची धार पुन्हा विस्कटते. टिप फेरूलच्या बाहेर येत असेल, तर क्यू उलटी धरून टिपचे तोंड लाकडी फळीवर टेकवावे आणि नव्या ब्लेडने फेरूलकडून फळीकडे, क्यू फिरवत फिरवत, पातळ पातळ काप काढावेत. या दिशेने कापल्यास थर एकमेकांवर दाबले जातात. उलट दिशेने कापल्यास ते उचकटण्याची भीती असते. सगळे ब्लेडनेच काढू नये, केसभर चामडे पॉलिश पेपरसाठी राखावे. मग फेरूलवर अगदी सांध्यापर्यंत मास्किंग टेप गुंडाळून ३२०, ४०० आणि ६०० नंबरचा पेपर क्रमाने फिरवावा. ही पायरी कंटाळवाणी आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. ३२० ने पडलेले ओरखडे घोटून जात नाहीत, उलट काळ्या रंगाखाली ते अधिक उठून दिसतात.

यानंतर बोटावर पाण्याचा एखादाच थेंब घेऊन तो केवळ कडेला लावावा, घुमट कोरडा राहू द्यावा. गुळगुळीत चामड्याचा तुकडा किंवा जाड खाकी कागदाची घडी कडेभोवती चिमटीत धरून क्यू मांडीवर वेगाने फिरवत राहावे. चिमटीला ऊब जाणवली की थांबावे आणि निवल्यावर पुन्हा सुरू करावे. टिप ज्या सुपरग्लूने चिकटवलेली असते तो फार उष्णता सहन करत नाही. लेथवर घाईने घोटलेल्या टिप गळून पडण्याचे ते एक कारण आहे. कड तपकिरी होऊन चमकू लागली, की काळा परमनंट मार्कर किंवा चामड्याचा स्पिरिटयुक्त रंग कापसाच्या काडीने लावावा, पूर्ण वाळू द्यावा आणि कोरड्या चामड्याने पुन्हा घोटावे. जास्तीचा रंग येथेच निघून जातो. शेवटी मधमाश्यांचे मेण अगदी नखभर चोळावे, म्हणजे पावसाळी दमटपणाही थोडा दूर राहतो. मेण घुमटावर मात्र मुळीच जाता कामा नये, अन्यथा टिप घसरू नये म्हणून लावतात तो चॉक धरणार नाही.

हिरडा

वरील क्रमाशी मी सहमत आहे. रंगाविषयी एक निराळा मार्ग सुचवतो. वनस्पतिजन्य सालींनी कमावलेल्या चामड्यात टॅनिन असते आणि लोहाशी संयोग होताच ते काळे पडते. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांपासून जी काळी शाई करत, तिच्यामागेही हेच रसायन होते. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवून तयार झालेले पाणी अशा कडेला लावल्यास काळेपणा चामड्याच्या आतच तयार होतो, त्यामुळे तो पुसला जाण्याचा प्रश्न उरत नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने आम्लता काढून टाकावी. क्रोमने कमावलेल्या चामड्यावर मात्र याचा उपयोग होत नाही. म्हणून टिप कापताना निघालेल्या चुऱ्यावर एक थेंब टाकून पाहावा. तो काळा झाला तरच पुढे जावे.

घोटीव

रसायन योग्य आहे, पण पांढऱ्या फेरूलला लागून असलेल्या चार-पाच मिलिमीटरच्या पट्टीवर मी ते वापरणार नाही. हे द्रव पाण्यासारखे पातळ असते आणि सांध्यात शिरते. फेरूल थोडे जरी सच्छिद्र असेल, तरी डाग कायमचा राहतो. स्नूकरच्या पितळी फेरूललाही आम्ल नकोच. शिवाय थरांची टिप दोनदा भिजवावी लागते, तेही मला पटत नाही.

खिशापाशी

दोघांचेही आभार. चुऱ्याची चाचणी करून पाहिली, चुरा काळा झाला नाही, त्यामुळे तो पर्याय तसाही मिटला. आणखी एक शंका आहे. कडेला पातळ सुपरग्लू लावून घोटल्यास चमक आणि रंग दोन्ही टिकतात, असे काही जण सांगतात. त्याने टिप कडक होत नाही का?

काटकोन

यावर वाद फार होतो, पण साधे गणित थोडे उपयोगी पडते. चेंडूच्या मध्यापासून त्याच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्यापेक्षा अधिक दूर मारल्यास टिप घसरते. त्या टोकाच्या फटक्यातही टिपचा चेंडूशी स्पर्श तिच्या मध्यापासून घुमटाच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर होतो. घुमट अमेरिकन निकेल या नाण्याच्या गोलाईचा असेल, तर त्याची त्रिज्या सुमारे १०.६ मिलिमीटर, म्हणजे स्पर्श मध्यापासून सुमारे ५.३ मिलिमीटरवर. आपली टिप मध्यापासून कडेपर्यंत ६.५ मिलिमीटर आहे, त्यामुळे बाहेरचे सुमारे १.२ मिलिमीटर चामडे चेंडूला लागतच नाही. डाइम या आणखी लहान नाण्याच्या गोलाईत हा पट्टा २ मिलिमीटरपर्यंत जातो. ग्लू या पट्ट्यातच थांबला, तर खेळात फरक पडू नये. अडचण एवढीच, की पातळ ग्लू तंतूंमधून शोषला जातो आणि तो कुठे थांबेल हे आपल्या हातात नसते. न घोटलेल्या कडेवर तो लावणे म्हणूनच धोक्याचे आहे. घोटून बंद झालेल्या कडेवर काडीने पुसट हात फिरवल्यास तो बराचसा वरच राहतो. स्नूकरच्या १० मिलिमीटरच्या टिपवर मात्र निकेलच्या गोलाईत असा मोकळा पट्टा उरतच नाही, तिथे ग्लू नकोच. आणि आपले काम मेणाने भागत असेल, तर पूलच्या टिपवरही मी तो लावणार नाही.

घोटीव

एक गोष्ट राहिली. नवी टिप पहिल्या काही दिवसांत थोडी फुगेलच. तेव्हा लगेच पॉलिश पेपर काढू नका, कारण त्याने कवच कापले जाते. खेळ संपल्यावर कोरड्या चामड्याने कड घोटत राहा, आणि तरीही ती फेरूलच्या बाहेर नखाला लागू लागली तरच ६०० ने उतरवून पाणी लावून घोटण्यापासूनचा क्रम पुन्हा करा. फेरूलवरची काळी रेघ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओल्या केलेल्या फडक्याने निघते. ती मात्र कड काळी करण्यापूर्वी काढा, कारण तेच अल्कोहोल कडेवरच्या मार्करचा रंगही विरघळवते.