परवडत असताना संस्थेची कॉट आणावी का?

पाटीपेन्सिल
आई मोरीत घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी पाठ वर-खाली होणारी कॉट, वॉकर आणि कमोड खुर्ची लागेल असं सांगितलं. इथे डोंबिवलीत एका ट्रस्टचं रुग्णसाहित्य केंद्र आहे, तिथून तिन्ही आणलं. अनामत ५,००० रुपये, कॉटचं भाडं महिन्याला ३००, टेम्पो आपला. कॉटच्या पायथ्याशी लाल ऑइलपेंटने ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’ आणि खाली नाव. आईने पहिल्याच रात्री ते वाचलं. “मेलेल्या बाईच्या कॉटवर मी झोपायची नाही!” शेवटी वर टॉवेल टाकला तेव्हा झोपली.

काल साडू भेटायला आले. चहा पिता पिता म्हणाले, “दोघं कमावता, विकत घ्यायची होती. गरिबाच्या तोंडचा घास काढलात.” तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक_ठाणे
साडूंचं बरोबर आहे, राग येऊ देऊ नका. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि तिथे उत्पन्नाचे कागद दाखवावे लागतात. मग इथे का नकोत? दारात मोठी गाडी लावून वॉकर न्यायला आलेले लोक मी डोळ्यांनी पाहिलेत.

सुतळी
मी अशाच एका केंद्रात दर शनिवारी बसते, म्हणून जरा लांबण लावते.

आम्ही कुणाला दाखला मागत नाही. काल बाप पडला, आज माणूस कॉट मागायला आलाय, त्याला तहसीलला पाठवू? आणि खरं सांगायचं तर भाडं वेळेवर देतात ती ही ‘परवडणारी’ माणसंच. त्याच ३०० रुपयांतून कॉटचं हँडल दुरुस्त होतं, गादीला नवं रेक्झिन बसतं. शिवाय आमच्याकडचं निम्मं सामान आलंय कुठून? एकदा आमच्याकडून काही नेलेल्या घरांतूनच. आजोबा गेले की त्यांना आमची आठवण होते.

आमची डोकेदुखी वेगळीच आहे. नेलेलं परत येत नाही. फोन केला की “आहे हो, माळ्यावर आहे.” अहो, माळ्यावर आहे म्हणूनच फोन केला ना! वॉकर परत येतो तर पायांची रबरी बुचं गायब. तसाच पुढच्या माणसाला दिला तर ओल्या फरशीवर तो सरकणार. आणि २०२१ च्या कोविड लाटेत मिळालेली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरं. ती अधूनमधून चालवावी लागतात, नुसती ठेवली की आतला माल दमट होऊन यंत्र निकामी. दोन अशीच गेली, कपाटात झाकून ठेवून.

रोखठोक_ठाणे
कॉटचं ठीक, पडून असेल तर द्या कुणालाही. पण एअर मॅट्रेसला नंबर लागतो की नाही? तिथे पैसेवाला आधी आला तर गरिबाच्या पाठीला जखमा होऊ द्यायच्या?

सुतळी
लागतो, कधी पंधरा दिवससुद्धा. तिथे मात्र तुमचं मान्य. ज्यांना झेपेल त्यांना आम्ही तोंडावर सांगतो, ही तुम्ही विकतच घ्या आणि काम झालं की आम्हाला द्या.

हिशेबनीस
तुम्ही दोघं भांडा, मी पावतीचं बोलतो. पावतीवर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आहे का बघा. ‘८०जी आहे’, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळते, हे ऐकून हुरळू नका. कॉट दिली तर वजावट नाही, ती पैशांच्या देणगीलाच. तेही रोख २,००० च्या वर दिले तर नाही, आणि नव्या कररचनेत असाल तर मुळीच नाही. मला एका ठिकाणी अनामत मागायला गेल्यावर “देणगी समजा” असं हसत हसत सांगितलं होतं. मी नाही समजलो. तासभर बसून घेऊनच उठलो.

गुहागरची
विकत घ्या म्हणणाऱ्यांनी नंतर ती ठेवायची कुठे तेही सांगावं. आमच्या गावाजवळ असं केंद्र नाही. वडिलांसाठी आधी दिवाणाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या, मग चिपळूणहून कॉट आणली. चार महिने वापरली. आता पडवीत आहे, कोंबड्या बसतात तिच्यावर.

रोखठोक_ठाणे
द्या की मग कुणाला.

गुहागरची
कुणाला? तेच तर म्हणतेय.

पाटीपेन्सिल (तीन आठवड्यांनी)
सगळ्यांचे आभार. आई वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते. वॉकर अजून लागेल, कॉट आणि खुर्ची शनिवारी परत करतोय. बुचांचा नवा सेट आणलाय, जुनी झिजली होती. अनामत मागून घेणार आहे, देणगी वेगळी देईन म्हणजे पावती नीट होईल. जिना उतरवायला साडूंना बोलावलंय, येतो म्हणालेत.

आईने मात्र नवीन काढलंय. टॉवेल बाजूला करून म्हणाली, “त्या बाईचं नाव पुसट झालंय, रंगवून दे.” लोखंडावर ऑइलपेंटच्या आधी प्रायमर मारावा लागतो का?