जुन्या फोटोंतल्या मुलांच्या हातातली वाद्यं: हौस की बनाव?

काचपट्टी: १८४०-५०च्या दशकांतले मुलांचे डॅगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर थेट उमटवलेले सुरुवातीचे फोटो) बघताना एक गोष्ट खटकते. पाच-सहा वर्षांचं पोर, हातात व्हायोलिन नाहीतर पुढ्यात छोटा ढोल, आणि चेहऱ्यावरून तर वाद्याशी ओळखही दिसत नाही. मला हा निव्वळ बनाव वाटतो. घर सुसंस्कृत दिसावं ही आईबापांची हौस, दुसरं काय? कित्येकदा तर बो, म्हणजे वाजवायचा गज, चक्क डाव्या हातात!

बेसूर: एवढ्याशा पोराला स्थिर बसवून दाखवा, मग बोलू. १८३९ साली फ्रान्सच्या दागेरची ही डॅगेरोटाइप पद्धत जाहीर झाली, तेव्हा भरउजेडातही काही मिनिटं भिंग उघडं ठेवावं लागे. पुढे रसायनं आणि भिंगं सुधारली, काम सेकंदांवर आलं, तरी मोठ्या माणसांच्याही मानेमागे लोखंडी आधार लावत. मुलांची बोटं कशात तरी गुंतवायलाच हवीत. वाद्य आधी त्यासाठी, शोभा नंतर.

काचपट्टी: मग चेंडू द्या, पुस्तक द्या. बो धरलेला हात उचलून ठेवायचा म्हणजे तो हलायची भीती उलट जास्त. तुमचं म्हणणं ढोलाला लागू पडेल, व्हायोलिनला नाही.

तंतू: बो तारांवर टेकवला की तो धोका बराच कमी होतो. आणि डाव्या हाताचा पुरावा तर बादच करा. डॅगेरोटाइपमध्ये प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी येते. भिंगापुढे आरसा किंवा प्रिझम लावलं असेल तरच सुलटी. चित्रात स्वरलिपीचा कागद असेल तर त्यावरची अक्षरं बघा, लगेच कळेल. १८५१ नंतर काचेच्या निगेटिव्हवरून कागदी छाप निघू लागले, त्यांत ही भानगड नाही.

काचपट्टी: बरं, हात सोडला. हेतूचं काय? ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनने १८६५ मध्ये चित्रकार वॉट्सच्या हाती व्हायोलिन दिलं आणि खांद्याशी दोन लहान मुली उभ्या केल्या. पण ते उघडउघड रूपक होतं, शीर्षकातच कलादेवतेची कुजबुज! स्टुडिओवाला कुठे असं सांगत होता?

बेसूर: सांगायला कशाला हवं? मागचा रंगवलेला पडदा खरी बाग नाही हे गिऱ्हाइकाला कळत नव्हतं का? वाद्यही त्याच सामानातलं. पैसे मोजणाऱ्यालाच सगळं ठाऊक, मग फसवलं कोणाला?